आकडा आधी सांगा

फैजपूरहून सावद्याकडे निघा किंवा यावलकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सोबत करतात. केळीला पाणी भरपूर लागते आणि ते पाणी जमिनीच्या पोटात आहे. ते दरवर्षी थोडे आणखी खाली जाते आणि शेतकरी त्याच्या मागे जातो. आधी विहीर खोल केली, मग विहिरीत आडवे बोअर मारले, मग ट्यूबवेल आली. आणि ट्यूबवेल घ्यायची ठरली की मशीनवाल्याच्या आधी बोलावणे जाते ते पाणाड्याला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतो. नारळ उभा राहिला की पाय आपटून सांगतो, इथे घ्या. पाणी लागले तर चार गावांत त्याचे नाव होते. नाही लागले तर ‘अजून पन्नास फूट जायला हवे होते’ असे सांगून तो मोकळा होतो, किंवा मग शेतकऱ्याचे नशीब असतेच.

पाणाड्या लबाड असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळांचा आपल्या नारळावर मनापासून विश्वास असतो. पण लहानपणापासून एक गोष्ट मला खटकत आली आहे. शेतात ‘इथे पाणी नाही’ अशी खूण करून पाणाड्या कधी थांबत नाही. किती फुटांवर लागेल आणि किती इंच लागेल, हे खोदण्याआधी कागदावर लिहून सही करत नाही. त्यामुळे तो कधी चुकूच शकत नाही. जो चुकूच शकत नाही, त्याचे बरोबर येणे मोजायचे तरी कशाने?

हा प्रश्न मला पुन्हा आठवला तो विश्वाच्या एका मोठ्या दाव्यापुढे. खगोलशास्त्र सांगते की विश्वात जेवढे द्रव्य आहे त्याच्या सहा वाट्यांतले पाचांहून अधिक वाटे कुणाला दिसलेले नाहीत. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, परतवत नाही. त्याला कृष्णद्रव्य किंवा डार्क मॅटर म्हणतात. नाव फसवे आहे, कारण काळी वस्तू निदान प्रकाश शोषते. हे द्रव्य काळे नसून आरपार आहे. आता एखाद्या केळीवाल्याने विचारले, ‘न दिसणारे पाणी सांगणारा आमचा पाणाड्या आणि न दिसणारे द्रव्य सांगणारे तुमचे शास्त्रज्ञ, यांत फरक तो काय?’ तर त्याला अडाणी समजून हसण्याचे कारण नाही. प्रश्न रास्त आहे, आणि विज्ञानावर विश्वास ठेवा एवढे म्हणून तो सुटत नाही.

माझे उत्तर असे आहे. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलण्याचा अधिकार पदवीने मिळत नाही आणि परंपरेनेही मिळत नाही. जो आकडा आधी सांगतो आणि तो चुकला तर हार मानायची तयारी ठेवतो, त्याला तो मिळतो. कृष्णद्रव्याने हा अधिकार कमावला आहे, आणि तो प्रामुख्याने एका फार जुन्या प्रकाशाच्या साक्षीवर कमावला आहे. त्या साक्षीत काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही पाहायला हवे.

कृष्णद्रव्याची कहाणी सहसा दीर्घिकांपासून सुरू करतात. 1933 मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग मोजले. ते इतके निघाले की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने हा समूह एकत्र राहूच शकला नसता. 1970 मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागाचे वेग मोजले. केंद्रापासून दूर जाताना ते कमी व्हायला हवे होते. झाले नाहीत. म्हणजे बाहेर काहीतरी आहे जे ओढते आहे.

हा पुरावा भक्कम असला तरी त्याला एक पळवाट आहे. वेग जास्त निघाले याचा अर्थ द्रव्य जास्त आहे असा होतो, तसाच गुरुत्वाकर्षणाचा आपला नियमच मोठ्या अंतरावर कमी पडतो असाही होऊ शकतो. 1983 मध्ये मोर्दहाय मिलग्रोम यांनी हीच वाट धरली. नियमात एक बदल केला आणि अनेक दीर्घिकांचे वेग कृष्णद्रव्याशिवाय बरोबर जुळवून दाखवले. वाद केवळ दीर्घिकांपुरता राहिला असता तर आजही तो बरोबरीत सुटला असता. म्हणून साक्षीदार असा हवा होता जो दीर्घिका जन्मण्याच्या आधीपासून हजर होता.

असा साक्षीदार आहे. जुन्या टीव्हीवर चॅनेल लागले नाही की पडदाभर मुंग्या येत. त्या मुंग्यांतला एखादा टक्का त्या साक्षीदाराचा होता. 1964-65 मध्ये अमेरिकेत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच येणारी खरखर सापडली, तीच ही. विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचे असताना ते निवत-निवत 3000 केल्विनच्या आसपास आले. तोवर इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते आणि प्रकाश त्यांच्यावर आदळत राहून अडकला होता. आता अणू बांधले गेले आणि प्रकाश सुटला. सुटल्यापासून तो सुमारे 1380 कोटी वर्षे चालतो आहे. विश्व पसरले तशा त्याच्या लहरी ताणल्या गेल्या आणि आज तो 2.725 केल्विन तापमानाच्या सूक्ष्मतरंगांच्या रूपात आपल्यापर्यंत पोचतो. याला वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारण म्हणतात. आपण त्याला पार्श्वभूमी प्रारण म्हणू.

हा प्रकाश जवळजवळ एकसारखा आहे, अगदी एकसारखा मात्र नाही. कुठे तो किंचित गरम आहे, कुठे किंचित थंड. आदल्या काळात कुठे द्रव्य थोडे दाटले होते आणि कुठे विरळ होते, त्याच्या या खुणा. याच दाटलेल्या जागी पुढे दीर्घिका जमल्या. इथे कृष्णद्रव्याची पहिली परीक्षा येते आणि तिचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल.

प्रकाश सुटल्यापासून आजवर विश्व सुमारे 1100 पट पसरले आहे. साध्या द्रव्याची दाटी गुरुत्वाकर्षणाने वाढत जाते, पण त्या काळात ती साधारण तेवढ्याच पटीने वाढू शकते. प्रकाश सुटेपर्यंत तर ती वाढूच शकत नव्हती, कारण साधे द्रव्य प्रकाशाला बांधलेले होते आणि प्रकाशाचा दाब त्याला जमू देत नव्हता. म्हणजे आज दीर्घिका दिसायच्या असतील तर त्या वेळी निदान हजारात एक एवढा फरक हवा. शास्त्रज्ञांनी तो शोधला. हजारात एक सापडला नाही. उपकरणे सुधारली, दहा हजारात एक शोधला, तोही सापडला नाही. एवढ्यावर दोनच शक्यता उरत होत्या. सगळे चित्रच चुकीचे असेल, नाहीतर प्रकाशाच्या दाबाला न जुमानणारे काहीतरी आधीपासून जमायला लागलेले असेल.

1982 मध्ये जेम्स पीबल्स यांनी दुसऱ्या शक्यतेचे गणित मांडले. प्रकाशाशी देणेघेणे नसलेले, संथ गतीचे द्रव्य असेल तर ते आधीच खड्डे करून ठेवील. प्रकाशाच्या तावडीतून सुटताच साधे द्रव्य त्या तयार खड्ड्यांत ओघळेल. मग पार्श्वभूमी प्रारणातला फरक कितीतरी कमी असला तरी चालेल. आकडा आधी सांगितला गेला. 1989 मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहाने 1992 मध्ये फरक पकडला, तो निघाला लाखात एकच्या घरात. लाखात एक फरकाला 1100 ने गुणून पाहा. शंभरात एक येतो. एवढ्यावर दीर्घिका होत नाहीत. पण आपण आकाशगंगेत राहतो, हे तर खरे आहे. साध्या द्रव्याच्या हिशेबात जी तूट पडते, तिथे कृष्णद्रव्य उभे राहते.

तूट दिसली म्हणून जमेला मनमानी रक्कम लिहिणे हा हिशेब नव्हे, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून दुसरी परीक्षा महत्त्वाची, कारण तिच्यात कृष्णद्रव्याचे वजन झाले.

ताणकाट्याला पिशवी लटकवून जरा खाली ओढून सोडली तर ती वरखाली झुलते. पिशवी बंद असली तरी चालते, कारण झोका किती खोल जातो आणि किती सावकाश फिरतो यावरून वजनाचा अंदाज बांधता येतो. विश्वाच्या त्या पहिल्या 3 लाख 80 हजार वर्षांत असेच झुलणे चालू होते. गुरुत्वाकर्षण द्रव्याला खड्ड्यात ओढी, प्रकाशाचा दाब त्याला परत उसळवी. दाबणे आणि उसळणे, म्हणजे एका अर्थाने ध्वनीच्या लाटाच. प्रकाश सुटला त्या क्षणी ज्या लाटा पूर्ण दाबलेल्या किंवा पूर्ण उसळलेल्या होत्या, त्यांचे ठसे आकाशावर उमटले. हे ठसे मोजून आलेख काढला की त्यात शिखरे दिसतात. पहिले शिखर सुमारे एक अंश रुंदीच्या डागांचे आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट. पहिले आणि तिसरे शिखर दाबलेल्या अवस्थेचे, दुसरे उसळलेल्या अवस्थेचे. 1970 मध्येच पीबल्स आणि यू यांनी अमेरिकेत, सून्याएव आणि झेल्दोविच यांनी सोव्हिएत रशियात अशा लाटांचे गणित केले होते. ती मोजणारी उपकरणे तेव्हा अस्तित्वात नव्हती.

आता या ताणकाट्यावर दोन प्रकारची वजने आहेत. साधे द्रव्य प्रकाशाबरोबर झुलते. ते जास्त असेल तर झोका दाबण्याच्या बाजूला अधिक खोल जातो, म्हणजे पहिले आणि तिसरे शिखर उंचावते, दुसरे बसते. कृष्णद्रव्य झुलतच नाही. ते खड्डा धरून बसते. ते नसेल तर झुलता-झुलता खड्डाच उथळ होत जातो आणि तिसरे शिखर दुसऱ्याच्या बरेच खाली राहते. ते असेल तर तिसरे दुसऱ्याच्या बरोबरीला येते. दोन वजनांचे दोन वेगवेगळे ठसे, म्हणून एकाच काट्यावर दोन्ही वेगवेगळी मोजता येतात.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण लोकांना विज्ञानाच्या विजयकथा सांगताना तो गाळला जातो. स्टेसी मॅकगॉ हे मिलग्रोम यांच्या बाजूने विचार करणारे खगोलशास्त्रज्ञ. कृष्णद्रव्य नसेल तर पहिले शिखर दुसऱ्याच्या सुमारे 2.4 पट असावे, असे त्यांनी 1999 मध्ये लिहून ठेवले. रूढ सिद्धांताची अपेक्षा याहून कमी होती. दुसऱ्याच वर्षी अंटार्क्टिकावर बलूनमधून केलेल्या बूमरँग प्रयोगाचे निकाल आले. दुसरे शिखर अपेक्षेपेक्षा बसके निघाले आणि आकडा मॅकगॉ यांच्या आकड्याजवळ पडला. पहिली फेरी विरोधकाने जिंकली. रूढ सिद्धांताला साध्या द्रव्याचे प्रमाण थोडे वाढवून आपला आलेख जुळवून घ्यावा लागला.

पण त्याच गणिताने तिसरे शिखर खाली असेल असेही सांगितले होते. डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या पुढच्या निकालांत आणि नंतर 2009 मध्ये सोडलेल्या प्लँक उपग्रहाच्या अचूक मापात तिसरे शिखर दुसऱ्याच्या जवळजवळ बरोबरीने उभे राहिले. तिथे कृष्णद्रव्य नसलेले विश्व हरले. मॅकगॉ यांचा पराभव मला मानाचा वाटतो. ते हरू शकले कारण त्यांनी आकडा आधी सांगितला होता. आणि कृष्णद्रव्याचा विजय खरा ठरला तोही त्यांच्यामुळेच, कारण समोर पाणाड्या नव्हता, सही करणारा प्रतिस्पर्धी होता. 2021 मध्ये स्कोर्डिस आणि झ्लोश्निक यांनी बदललेल्या गुरुत्वाकर्षणाचाच एक नवा सिद्धांत मांडला आणि तो पार्श्वभूमी प्रारणाशी जुळवून दाखवला. पण त्यासाठी त्यांना जे नवे क्षेत्र आणावे लागले, ते आदल्या विश्वात कृष्णद्रव्यासारखेच वागते. नाव काहीही द्या, त्या जागी काहीतरी बसवल्याशिवाय हिशेब लागत नाही.

प्लँकच्या 2018 च्या निकालांनुसार कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारे 5.4 पट आहे. विश्वाच्या एकूण ऊर्जेत साधे द्रव्य सुमारे 5 टक्के, कृष्णद्रव्य सुमारे 26 ते 27 टक्के. हे 5 टक्के दुसऱ्या वहीतूनही तपासता येतात. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत किती ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, उरले, हे साध्या द्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. दूरच्या क्वासारांच्या, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या, प्रकाशात ते ड्यूटेरियम मोजले, तेव्हा साध्या द्रव्याचा जवळपास तोच आकडा आला. एक नोंद पहिल्या मिनिटांतली, दुसरी 3 लाख 80 हजार वर्षांनंतरची. लिहिणारे वेगळे, शाई वेगळी, बेरीज एक. दुकानदाराची रोजकीर्द आणि बँकेचे पासबुक जुळले की हिशेबनीस निवांत झोपतो, तसे हे जुळणे आहे.

आता पाणाड्याच्या त्या मूळ उणिवेकडे परत येतो. ‘इथे पाणी नाही’ हे तो सांगत नाही. पार्श्वभूमी प्रारण मात्र कृष्णद्रव्य काय नाही, हेही बजावून सांगते. कृष्णद्रव्य म्हणजे विझलेले तारे किंवा न दिसणारे ग्रह असतील, ही कल्पना त्याने बाद केली, कारण ते सगळे अणूंचेच बनलेले आणि अणूंचा वाटा ठरलेला आहे. न्यूट्रिनो हे एक न दिसणारे द्रव्य आपल्याला माहीत आहेच, पण ते फार हलके आणि फार वेगवान, त्यांनी खड्डे धरून ठेवले नसते, म्हणून तेही मुख्य उत्तर नव्हे. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर त्यातून सुटलेल्या ऊर्जेने आदल्या विश्वातले अणू पुन्हा फोडले असते आणि त्याचा डाग प्रारणावर दिसला असता. तो दिसला नाही, म्हणून हलक्या कणांची अशी अनेक रूपे प्लँकच्या मापाने नाकारली गेली. आणि हा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या द्रव्याने किंचित वाकवला जातो. ते वाकणे मोजून चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीच्या गटाने 2023 मध्ये आकाशाच्या सुमारे चतुर्थांश भागावरच्या द्रव्याचा नकाशा काढला. त्यातले बहुतेक द्रव्य न दिसणारे आहे.

मराठी वाचकाने हा विषय वाचताना एक नाव टाळता येत नाही, जयंत नारळीकर. 1938 मध्ये कोल्हापुरात जन्मलेले आणि 20 मे 2025 रोजी पुण्यात गेलेले नारळीकर आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धांताविरुद्ध उभे राहिले. फ्रेड हॉईल यांचे ते विद्यार्थी. हॉईल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धांताला पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जड गेला. 1993 मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारलेली मांडणी केली. तिच्यात हे प्रारण म्हणजे आदल्या आवर्तनांतल्या ताऱ्यांचा प्रकाश होता, अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा पसरवलेला. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. प्रारणातली शिखरे जसजशी स्पष्ट झाली, तसतसा रूढ सिद्धांत पुढे गेला.

मराठीत यावर दोन टोकांचे बोलले जाते. एक टोक म्हणते, नारळीकरांनी सगळ्या जगाला आव्हान दिले म्हणून तेच बरोबर असणार. दुसरे टोक हळू आवाजात म्हणते, एवढा मोठा माणूस शेवटी हरला. मला दोन्ही चुकीची वाटतात. नारळीकरांनी जे केले ते पाहा. त्यांनी आपली मांडणी गणितात लिहिली, म्हणजे ती तपासता येईल अशी केली. त्यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत थाणू पद्मनाभन यांच्यासारखे रूढ विश्वरचनाशास्त्राचे मोठे अभ्यासक काम करत होते. 2001 मध्ये नारळीकर आणि पद्मनाभन या दोघांनी मिळून रूढ सिद्धांत आणि त्याचे पर्याय यांची चिकित्सा करणारा लेख लिहिला. आपल्याकडे मतभेद झाला की माणसे एका व्यासपीठावर बसत नाहीत. इथे दोन मते एका लेखावर सही करून गेली.

त्याच आयुकातल्या रघुनाथन श्रीआनंद यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 2000 साली एका दूरच्या क्वासारच्या प्रकाशात वाटेतल्या वायूचे ठसे वाचले आणि त्या काळी पार्श्वभूमी प्रारण किती गरम होते ते मोजले. ते 6 ते 14 केल्विनच्या दरम्यान आले, अपेक्षा 9 च्या आसपास होती. 2008 मध्ये कार्बन मोनॉक्साइडचे ठसे वापरून त्यांच्या गटाने 9.15 केल्विन मोजले, अपेक्षा 9.3 होती. विश्व पूर्वी जास्त गरम होते, हे थर्मामीटर लावल्यासारखे मोजले गेले. महास्फोटाला आयुष्यभर विरोध करणाऱ्याने उभारलेल्या संस्थेतून हे काम झाले. संस्था कशी बांधावी याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. आयुकाचेच शास्त्रज्ञ तरुण सौरदीप पुढे प्लँकच्या चमूत होते, आणि 2018 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी याच प्रारणासाठी सीएमबी-भारत नावाच्या उपग्रहाचा प्रस्ताव इस्रोपुढे मांडला.

नारळीकरांचा आणखी एक प्रयोग मला याच धाग्यात ओवावासा वाटतो. त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिषाला पाठवल्या आणि कोणती कुणाची ते ओळखा म्हटले. 51 जणांनी पत्रिका नेल्या, 27 जणांनी उत्तरे दिली. सरासरी यश 46 टक्के, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हा निकाल छापून आला. ज्योतिषाला लावलेली ही मोजपट्टी नारळीकरांनी स्वतःच्या सिद्धांतालाही लावू दिली. ज्योतिषी नापास झाले, नारळीकरांची मांडणीही मागे पडली. फरक एवढाच की त्यांनी ती परीक्षेला बसवली होती. उरलेल्या 24 ज्योतिषांनी उत्तरपत्रिकाच दिली नाही.

आता विरुद्ध बाजूची सर्वांत वजनदार तक्रार. कृष्णद्रव्य आहे तर ते हाती का लागत नाही? अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोल द्रव झेनॉनची टाकी ठेवून शास्त्रज्ञ एखादा कण आदळण्याची वाट पाहत आहेत. इटलीत डोंगराखाली तेच चालू आहे. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत 555 मीटर खोल प्रयोगशाळा उभारली गेली. सर्वमान्य असा एकही कण आजवर मिळालेला नाही. उर्बें लव्हेरिए यांची गोष्ट इथे आठवते. युरेनसची चाल चुकते म्हणून त्यांनी न दिसणाऱ्या ग्रहाची जागा गणिताने सांगितली आणि 1846 मध्ये नेपच्यून सापडला. पुढे बुधाची चाल चुकते म्हणून त्यांनी आणखी एक ग्रह सांगितला. तो कधीच सापडला नाही. 1915 मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले की तिथे ग्रह नव्हता, न्यूटनचा नियमच अपुरा होता. एकच माणूस, एकच युक्तिवाद, एकदा खरा आणि एकदा खोटा.

ही तक्रार मी मान्य करतो आणि तिची हद्दही सांगतो. पार्श्वभूमी प्रारणाने कृष्णद्रव्य किती आहे ते सांगितले, ते कसे वागते ते सांगितले, ते काय नाही ते सांगितले. ते काय आहे, हे सांगितलेले नाही. वजन झाले, ओळख पटलेली नाही. या दोन वाक्यांत जो फरक आहे तो पुसून ‘शास्त्रज्ञांनी कृष्णद्रव्य शोधले’ असे छापणारा वार्ताहर चुकतो, आणि ‘ही सगळी कल्पना आहे’ म्हणणारा शंकेखोरही चुकतो. भूजल सर्वेक्षणवाले पावसाळ्याआधी आणि नंतर निरीक्षण विहिरींची पातळी मोजून नोंदवतात. त्यांनाही जमिनीखालचे पाणी वाहताना दिसत नाही. पण पातळी किती फूट उतरली, याबद्दल आपण त्यांच्याशी वाद घालत नाही.

राहिला एक आवडता शेरा, ‘हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते.’ खानदेशाला खरा मान हवा असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणला जावे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला, त्याला निकुंभ घराण्याने दान दिले, आणि 1207 सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या मातीत गणित शिकवायला देणगी मिळत होती. भास्कराचार्यांनी आपल्या सिद्धांतशिरोमणीवर स्वतःच वासनाभाष्य लिहिले, त्यात नियमांमागची कारणे दिली. कारण देणाऱ्या माणसाच्या नावावर अकारण दावे खपवणे हा त्याचा अपमान आहे.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांसारख्या गावच्या सामानातून सजवलेले टिळकनगर. देशाचा कारभार शहरातल्या सभागृहातून उठून शेतात यावा, असा त्यामागचा विचार होता. विश्वाच्या हिशेबाबाबतही आज तसे करणे शक्य आहे, आणि त्याला मंडपही लागत नाही. प्लँकची मापे सगळ्यांना फुकट खुली आहेत. अँटनी लुईस आणि अँथनी चॅलिनर यांनी लिहिलेली ‘कँब’ ही संगणक-प्रणालीही फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते.

म्हणून फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयातल्या, आणि जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. ती प्रणाली उतरवून घ्या. तिच्या मापात साध्या द्रव्याच्या जागी 0.0224 आणि कृष्णद्रव्याच्या जागी 0.12 घाला, आलेख काढा, प्लँकचे ठिपके त्यावर ठेवा. मग कृष्णद्रव्याचा आकडा हळूहळू शून्याकडे न्या आणि तिसऱ्या शिखराकडे पाहत राहा. पण त्याआधी, ते शिखर कुठे जाईल असे तुम्हाला वाटते, ते वहीत लिहून खाली सही करा.